पिवळ्या पट्टीतलं पाणी

ऑक्टोबर छाटणी झाली की मामाच्या घरात पुढचे दीड-दोन महिने कुणाला शांत झोप नसते. तासगाव तालुक्यात त्याची सव्वादोन एकर द्राक्षबाग आहे, सगळी तास-ए-गणेश. नवी फूट निघालेली, पानं कोवळी आणि रात्री दव पडायला लागलेलं. मामा पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन बागेत शिरतो, चार-सहा ओळींतली पानं उलटीपालटी करून बघतो, वरून बोट फिरवतो. पान किती तास ओलं राहिलं यावर डाउनीचं, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाचं, बरंचसं ठरतं आणि त्यावर सकाळची फवारणी ठरते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे मी त्याच्याबरोबर होते. बोट पँटीला पुसत त्यानं विचारलं, "तू पुण्यात एवढे पातळ थर देत बसतेस, पान कधी ओलं झालं आन् कधी वाळलं एवढं सांगणारं काही चिकटवता येईल का गं पानावर?"

पातळ थर हेच माझं काम. निर्वात चेंबरमध्ये धातूच्या टार्गेटवर आर्गॉनचे आयन आदळवायचे, त्यातून उडालेले अणू समोरच्या पृष्ठभागावर बसवायचे. याला स्पटरिंग म्हणतात. माझा नेहमीचा थर १५० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे चारशेहून जास्त थर मावतील. आणि तोवरचं माझं सगळं काम काचेवर झालेलं. काच फार गुणाची. तापवा, थंड करा, धुवा, तिचं काही बिघडत नाही आणि ती पाणी पीत नाही. पण द्राक्षाच्या पानावर काच कशी चिकटवणार? पान वाऱ्यानं दिवसभर हलत असतं. शिवाय त्याच्यावर जड काही लावलं, तर आपण पानाचं तापमान न मोजता त्या लावलेल्या वस्तूचंच मोजत बसतो. आणि मला ओलाव्याबरोबर तापमानही हवं होतं, कारण पान दवबिंदूच्या खाली उतरलं की मगच त्यावर दव धरतं, आणि भर दुपारी पाणी कमी पडलेल्या वेलीचं पान जास्त तापतं.

म्हणून पॉलिइमाइड, एक प्लास्टिक. नाव अनोळखी वाटेल, पण बिघडलेला मोबाइल उघडलेला पाहिला असेल तर आतल्या नारिंगी-पिवळ्या लवचीक पट्ट्या आठवा. ते हेच. ड्युपाँट कंपनीनं १९६० च्या दशकात ते 'कॅप्टॉन' नावानं बाजारात आणलं आणि आमच्याकडे अजूनही सगळे त्याला कॅप्टॉनच म्हणतात. उणे २६९ अंश सेल्सिअसपासून ४०० अंशांपर्यंत ते तग धरतं. उणे २६९ म्हणजे द्रवरूप हेलियमचं तापमान. २५ मायक्रॉन जाडीचा कॅप्टॉनचा दीड सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर तुकडा भरतो जेमतेम ५ मिलिग्रॅम. पानाला त्याचा भार जाणवू नये इतका.

त्याचा पिवळा रंग मुळात रेणूतलाच आहे. एका घटकाकडे इलेक्ट्रॉन द्यायची प्रवृत्ती, दुसऱ्याकडे ओढून घ्यायची. या देवाणघेवाणीत निळा-जांभळा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला आपल्याला मधासारखा दिसतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आम्ही सगळे मामाच्या टीव्हीसमोर होतो. मामीनं विचारलं होतं, "एवढं सोनं लावतात होय यानाला?" यानांवरची ती सोनेरी गुंडाळी बहुतेक वेळा पॉलिइमाइडची असते; मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि पुढून दिसणारा हा पिवळेपणा, दोन्ही मिळून सोन्यासारखं दिसतं. जेम्स वेब दुर्बिणीची टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्रीही याच जातीच्या पडद्याची. पहिला पदर ५० मायक्रॉनचा, बाकीचे चार २५ चे. मामीला हे सांगताना मला खरंच भरून आलं होतं, कारण त्याच वेळी माझ्या पर्समधल्या पाकिटात त्याच पदार्थाचे तुकडे होते.

पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, का नाही वापरलं, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. ते स्वस्त, पारदर्शक आणि पाणीही कमी पितं. अडचण तापमानाची आहे. तापमान मी मोजते ते प्लॅटिनमच्या विद्युत रोधावरून. प्लॅटिनमचा थर दिल्यावर मी तो २५० अंशांवर तासभर ठेवते, नाहीतर तापमानाप्रमाणे त्याचा रोध पुरेसा बदलत नाही. पीईटी ७०-८० अंशांच्या आसपासच नरम व्हायला लागतं. २५० ला ते वितळण्याच्या बेतात असतं. त्याच्या वरच्या दर्जाचं पीईएन १२० अंशांपर्यंत जातं, तेही अपुरं. पीडीएमएस हे रबरासारखं, त्वचेवर लावायच्या सेन्सरला उत्तम, पण दर अंशाला ते दहा लाखांत ३०० हून जास्त भाग प्रसरण पावतं. कॅप्टॉन पावतं २०, प्लॅटिनम ९. एवढ्या तफावतीच्या पायावर धातूची रेघ टिकवणं मला जमलं नसतं.

पहिला प्रयत्न मी काचेच्या सवयीनं केला. ५० मायक्रॉन जाडीच्या कॅप्टॉनचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा कागद कापला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, चेंबरमध्ये लावला आणि पंप सुरू केला. काच असती तर दोन तासांत हवा तेवढा व्हॅक्यूम मिळाला असता. त्या दिवशी चार तासांनीही दाब उतरेना. गळती असेल म्हणून मी सगळे गॅस्केट तपासले. आमच्या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ काका शेजारी उभे होते. त्यांनी चेंबरच्या काचेतून आत पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, कागद वाळवलात का?"

वाळवला नव्हता. कॅप्टॉन पाणी पितं हे मी वाचलेलं होतं, पण त्याचा हिशोब कधी केला नव्हता. तो त्या रात्री केला. साधारण निम्म्या आर्द्रतेच्या हवेत ते आपल्या वजनाच्या १.८ टक्के पाणी धरून बसतं. माझा कागद ०.७ ग्रॅमचा, म्हणजे १३ मिलिग्रॅमच्या आसपास पाणी. एक थेंबसुद्धा नाही. पण हे पाणी वाफ होऊन चेंबरमधल्या दाबाला, म्हणजे मिलिबारच्या एक लाखाव्या भागाला, पसरलं तर त्याचं आकारमान होतं सुमारे १७ लाख लिटर. आमचा टर्बो पंप सेकंदाला ३०० लिटर ओढतो. ते सगळं बाहेर येतं म्हटलं तर नुसतं उपसायलाच दीड तास, आणि ते एकदम येत नाही, झिरपत झिरपत येतं. ती आकडेमोड मी अजून वहीच्या पहिल्या पानावर ठेवली आहे.

त्यात मी घाई करून थर दिलाच. कागद बाहेर काढला तर त्याची सुरळी झालेली, धातूची बाजू बाहेर. सेलोटेप लावून ओढली तर प्लॅटिनम चांदीच्या वर्खासारखं अलगद टेपवर आलं. सुरळीचं कारण सरळ होतं. थर देताना कागद गरम झाला, थंड होताना कॅप्टॉन जास्त आकसलं, प्लॅटिनम कमी. आकसलेल्या पायावर धातूला जागा कमी पडली आणि त्यानं पायाच वाकवला. थरातल्या ताणावरून पट्टी किती वाकेल हे सांगणारं सूत्र स्टोनीनं १९०९ मध्ये दिलं आहे. एम.एस्सी.ला ते सोडवताना जी पट्टी कागदावर होती, ती आता हातात होती.

पुढचे चार महिने मी फक्त या पायावर, म्हणजे कॅप्टॉनवर, काम केलं. कागद १५० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर. सकाळी झटपट चेंबरमध्ये, कारण उघड्यावर तासाभरात तो गमावलेलं पाणी पुन्हा पिऊन घेतो. मग चेंबरमध्येच परत तापवणं. त्यानंतर ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्सिजन असलेले गट तयार होतात आणि टायटॅनियमला धरायला जागा मिळते. प्लॅटिनम धरून ठेवायला १० नॅनोमीटर टायटॅनियम, त्यावर १५० नॅनोमीटर प्लॅटिनम. आर्गॉनचा दाब थोडा वाढवला की उडालेले अणू वाटेत टकरा खात मंद होऊन येतात आणि थरातला दाबाचा ताण उतरतो. त्यावर दोन महिने गेले. पट्टी सपाट बाहेर आली त्या दिवशी काकांनी ती उजेडात धरून पाहिली आणि मला चहाला घेऊन गेले.

जाडीही बदलली. पट्टी वाकवली की तिच्या पृष्ठभागावर येणारा ताण म्हणजे जाडी भागिले वाकण्याच्या त्रिज्येची दुप्पट. ५० मायक्रॉनची पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर अर्धा टक्का, २५ ची असेल तर पाव टक्का. म्हणून २५ वर आले. आणि धातूच्या वर तेवढ्याच जाडीचा दुसरा पदर चढवला तर धातू बरोबर मधल्या पातळीत जातो, जिथे वाकवल्यावर ना ताण असतो ना दाब. पण मला दवाचा थेंब जवळून हवा होता, म्हणून वर फक्त पातळसा संरक्षक थर ठेवला.

पट्टीवर दोन गोष्टी होत्या: तापमानासाठी प्लॅटिनमची नागमोडी रेघ आणि तिच्या शेजारी ओलाव्यासाठी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफल्यासारखे इलेक्ट्रोड. त्यांच्यावर दव पडलं की धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, उडी मारते, कारण ही क्षमता वाढवणारा परावैद्युतांक पाण्याचा ८० आणि कॅप्टॉनचा साडेतीनच्या जवळपास. एवढं सरळ वाटलं होतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिल्या सहा पट्ट्या बागेत लागल्या. पानाच्या वरच्या बाजूला, कारण द्राक्षाच्या पानाची श्वसनरंध्रं खालच्या बाजूला असतात आणि ती झाकली की पानाचं वागणंच बदलतं. नोंदी घेणारी डबी मांडवाच्या अँगलला बांधली. ओलाव्याच्या नोंदी सुरेख आल्या. मामानं बोट फिरवून सांगितलेली वेळ आणि उडीची वेळ पाच-दहा मिनिटांच्या फरकानं जुळली. तापमान मात्र पहाटे दरवेळी पाऊण अंशानं जास्त दाखवत होतं. दुपारी बरोबर, पहाटे चूक. तारा, संपर्क, बॅटरी सगळं बदलून पाहिलं.

पुण्यात परत येऊन काचेच्या बंद डब्यात पट्टी ठेवली. तापमान अगदी स्थिर, खाली एकदा मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, म्हणजे आतली आर्द्रता ३३ टक्के, आणि एकदा साध्या मिठाचं, म्हणजे ७५ टक्के. तापमान तेच, रोध बदललेला, अर्ध्या अंशाहून जास्त वाटावा इतका. तेव्हा लक्षात आलं की पट्टी फुगते आहे. आर्द्रता १ टक्क्यानं वाढली की कॅप्टॉन दहा लाखांत सुमारे १६ भागांनी लांब होतं, म्हणजे जवळजवळ १ अंश तापवल्याइतकं. दुपारच्या ३५ टक्क्यांपासून पहाटेच्या ९५ पर्यंत त्याची लांबी एक हजारांश वाढते, वरची प्लॅटिनमची रेघ त्याच्याबरोबर ताणली जाते, ताणलेल्या रेघेचा रोध वाढतो आणि माझी डबी त्याला उष्णता समजते. रोधावरून ताण मोजणारे स्ट्रेन गेज याच तत्त्वावर चालतात आणि त्यांचाही पाया बहुधा पॉलिइमाइडच असतो. मी नकळत एक स्ट्रेन गेज करून पानावर चिकटवला होता.

दोन दिवस फार वाईट गेले. पाया बदलावा का, असाही विचार आला. मग नोंदींचा आलेख परत काढला आणि ओलाव्याच्या इलेक्ट्रोडकडे नीट बघितलं. दव पडण्याच्या उडीच्या आधी, संध्याकाळपासून, त्यांची धारिता हळूहळू चढत होती. ती मी तोवर पार्श्वभूमी म्हणून वजा करून टाकत होते. ते कॅप्टॉनच्या पोटातलं पाणी होतं. आर्द्रता मोजणारे कित्येक सेन्सर पॉलिइमाइडच्या याच गुणावर चालतात. म्हणजे रेघ ज्या पाण्यामुळे ताणली जाते, तेच पाणी शेजारचे इलेक्ट्रोड त्याच पायात, त्याच क्षणी मोजत होते. त्या हळू चढणीवरून फुगणं काढलं आणि तापमानातून वजा केलं. पहाटेची चूक पाऊण अंशावरून ०.१ अंशाच्या आसपास आली. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून मामाला फोन लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

अजून बरंच राहिलं आहे. उन्हात पिवळी पट्टी स्वतः थोडी तापते. फवारणीत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण असलं की त्यातला चुना चिंतेचा, कारण अल्कलीत पॉलिइमाइडचं इमाइड कडं उघडतं आणि पृष्ठभाग हळूहळू खाल्ला जातो. प्लॅटिनम महाग, म्हणून लेझर वापरून बघायचा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटानं दाखवलं की कार्बन डायऑक्साइड लेझर पॉलिइमाइडवर फिरवला की जिथे तो जातो तिथे सच्छिद्र ग्राफीन, म्हणजे वीज वाहून नेणारा कार्बन, तयार होतं, ना व्हॅक्यूम, ना रेघांचा आकार देणारा मास्क. तसला लेझर सांगलीत ॲक्रिलिकच्या नावाच्या पाट्या कापणाऱ्या दुकानातही आहे. दुकानदार म्हणाले, दिवाळीची गर्दी संपली की या.

परवा मामाचा फोन होता. छाटणी झाली आहे, वेलींचे डोळे फुगलेत. विहिरीकडच्या खोलगट कोपऱ्यात धुकं उशिरापर्यंत बसतं, तिथे या वर्षी दोन पट्ट्या जास्त लाव म्हणाला. आठ तुकडे कापून ओव्हनमध्ये ठेवले आहेत. उद्या सकाळी साडेसातला काका येऊन चेंबर उघडतील.