आजही जायचं नव्हतं

मंगळवार, रात्री

सकाळी खरंच जायचं नव्हतं. दोन महिने वॉर्डात व्हॉलंटियर म्हणून जातेय, सुरुवातीचा उत्साह कधीच आटलाय, गजर बंद करून तशीच पडून राहिले आणि पोट दुखतंय असं कळवून टाकावं का इथपर्यंत मजल गेली. मग गेले. बहुतेक सिस्टरशी खोटं बोलायचाही कंटाळा आला म्हणून.

माझं काम तसं काही थोर नाहीये. फिस्टुलाचं (म्हणजे बाळंतपणात मूत्राशयाला पडलेल्या भोकाचं) ऑपरेशन झालेल्या बायकांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कोण किती प्यायलं ते वहीत मांडायचं आणि लघवी पिशवीत नेणारी कॅथेटरची नळी कुठे दुमडली नाही ना ते बघत फिरायचं. नळी तुंबली की मूत्राशय फुगतं आणि ताजे टाके ताणले जातात. पहिल्याच आठवड्यात मी चादर सारखी करायला गेले आणि एकीची नळी तिच्याच मांडीखाली दाबली गेली, मला पत्ताच नाही, सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. अजूनही चादरीला हात लावायच्या आधी नळी शोधते.

आज चार नंबरच्या ताईंची बाटली भरलेलीच. विचारलं तर म्हणे प्यायले की. पिशवीत थोडीशीच लघवी, तीही गडद पिवळी.

त्यांचं बाळंतपण अडलं होतं, तीन दिवस कळा. बाळाचं डोकं हाडाशी दाबून राहिलं की मधल्या भागाला रक्तच मिळत नाही, तो मरतो आणि तिथे भोक पडतं. बाळ गेलं, आणि नंतर सहा वर्षं लघवी नुसती झिरपत राहिली. पाणी कमी प्यायलं की कपडे कमी भिजतात हा हिशेब बाईने स्वतःच बसवला (त्याने लघवी उलट घट्ट होऊन जास्त आग होते, पण हे त्यांना सांगणार कोण). सहा वर्षांची ती सवय, आणि मी आपली सरकारी सूचनेसारखी, ताई भरपूर पाणी प्या हं.

तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या, ऑपरेशनचा अकरावा दिवस, लघवीची पिशवी पर्ससारखी हातात. कॉटच्या कडेला टेकल्या, ग्लासभर पाणी एका दमात प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता बघ हात लावून, मी बसलेय तिथं." ताईंनी खरंच चादर चाचपली. दोनदा. मग स्वतःची बाटली उघडली.

१९५९ साली इथिओपियात गेलेल्या डॉ. हॅम्लिन नवरा-बायकोकडे मामितू गाशे नावाची मुलगी अशीच पेशंट म्हणून आली, शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि पुढे तीच ही ऑपरेशनं करायला लागली. कंटाळा आला की मी ही गोष्ट टॉनिकसारखी आठवायचे, म्हणजे बघ लोक कुठल्या कुठे जातात आणि तू उठतही नाहीस वगैरे, आणि त्याने अजूनच अपराधी वाटायचं. आज मात्र वाटलं, ओल्या अंथरुणात झोपणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

वहीत लिहिलं, चार नंबर, दोन ग्लास. तर मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं? सकाळपासून प्यायलीस का काही?"

नव्हते प्यायले.