पालथा आला तो अजायी

माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली. त्यामुळे कुणाच्या नावाची हकिगत वाचतानाही बाळ आलं कसं, याकडे माझं लक्ष आधी जातं. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातले योरुबा लोक या बाबतीत अगदी माझ्या मनासारखे. त्यांच्याकडे तोंड जमिनीकडे करून जन्मलेल्या मुलाचं नाव अजायी. ते आईबाप निवडत नाहीत, बाळ स्वर्गातून सोबत घेऊनच येतं. अशा नावांना ते ‘अमुतोरुन्वा’ म्हणतात.

पायाळू आला तर इगे. गळ्याला नाळेचा वेढा असला तर मुलगा ओजो, मुलगी आयना. पाणमोट न फुटता तिच्यासकट आलेलं बाळ ओके. जुळ्यांतलं आधीचं ताइवो, मागचं केहिंदे. पण थोरलेपणाचा मान केहिंदेला. जग कसं आहे ते चाखून बघ म्हणून त्यानेच धाकट्याला पुढे धाडलेलं असतं! आमच्या केसपेपरवरची निम्मी नोंद त्यांनी अशी नावातच करून टाकली.

अजायीपाशी मात्र मी अडले. टेबलावर उताणी झोपलेल्या बाईचं बाळ बहुधा पालथंच बाहेर येतं. त्याचं एवढं काय अप्रूप? मग लक्षात आलं, योरुबा बायका परंपरेने गुडघे टेकून बाळंत होत. ‘इकुनले अबियामो’, म्हणजे आईचं ते गुडघे टेकणं, याची तिथे आण घालतात. आई गुडघ्यांवर पुढे ओणवली की नेहमीचं बाळ आभाळाकडे तोंड करून येणार आणि जमिनीकडे बघणारं विरळा. माझा आपला तर्क, पण हे नाव सुइणीने बसल्या जागेवरून पाहून ठेवलेलं असावं. आता अजायी हे आडनावही आहे, त्यामुळे त्यावरून बाळंतपणाचं काही कळत नाही, ते सोडा.

सगळ्यांत नावाजलेला अजायी जन्मला १८०९च्या सुमारास, ओसोगुन गावात. १८२१मध्ये गावावर धाड पडली, पोरगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने त्याला नेणारं गुलामांचं जहाज अडवलं आणि त्याला सिएरा लिओनला उतरवलं. १८२५च्या बाप्तिस्म्यात लंडनच्या एका पाद्र्याचं अख्खं नाव त्याला मिळालं, सॅम्युएल क्राउथर. १८४३मध्ये त्याचा योरुबा शब्दसंग्रह छापला गेला, १८६४मध्ये तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. आज लोक त्याला सॅम्युएल अजायी क्राउथर म्हणूनच ओळखतात.

ताटातूट झालेली आई त्याला १८४६मध्ये अबेओकुटा या योरुबा गावी भेटली, पंचवीसेक वर्षांनी. तिचं नाव अफाला. दोन वर्षांनी तिचाही बाप्तिस्मा झाला आणि ती हॅना झाली. बायबलमधल्या सॅम्युएलची आई हॅनाच.