पाट्या-वरवंट्यापासून समाधीच्या दगडापर्यंत: आमची वाटचाल

आमचं घराणं अलिबागचं, धंदा पाथरवटाचा. आजोबा जाती, पाटे-वरवंटे, उखळी घडवायचे आणि पाऊस सरला की थळ, किहीम, चौल, रेवदंडा असे गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून द्यायचे. पुढे गावात पिठाची गिरणी आली, घरात मिक्सर आला आणि वडिलांच्या हातात उरली ती तुळशीवृंदावनं आणि दारावरच्या पाट्या. अक्षर त्यांचं देखणं. त्यामुळे दारावर नाव कोरून घेणारी गिऱ्हाइकंच पुढे आई-वडिलांच्या समाधीचा दगड मागायला येऊ लागली.

आमचा हात खरा बसला तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांच्या कामावर. इस्रायल आळीतली बरीच मंडळी १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेली. पेणकर, चेऊलकर, किहीमकर अशी इथल्या गावांची नावं आडनावात घेऊन गेली, पूर्वजांच्या कबरी मात्र इथेच राहिल्या. जुन्या दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. तिकडची नातवंडं येतात, झिजलेला दगड दाखवतात आणि तसाच नवा मागतात. आम्हाला हिब्रू वाचता येत नाही. दालेत आणि रेश या अक्षरांत फरक एका कोपऱ्याचा, एकाचा टोकदार, दुसऱ्याचा गोल. म्हणून त्यांच्यातल्याच जाणत्या माणसाने कागदावर सही केल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, हा वडिलांनी घातलेला नियम. मराठी नावांनाही तोच लागू आहे. दुःखात असलेलं माणूस स्वतःच्या वडिलांच्या नावातला सुटलेला अनुस्वार सहज नजरेआड करतं, त्यामुळे मजकूर घराबाहेरच्या कुणाकडून तरी वाचून घ्या असं आम्ही सांगतोच.

दगड कोणता, हा पुढचा प्रश्न. बहुतेकांच्या मनात पांढरा संगमरवर असतो. दिसतो छानच, पण आमच्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळ धरून तो काळवंडतो, मग घरचे ॲसिडने घासतात आणि कोरीव अक्षरांच्या कडाच विरघळतात. दुकानात कुणी ऐकेना की मी संगमरवराच्या तुकड्यावर लिंबू पिळून दाखवतो. बारीक फेस येतो, पुसलं की तेवढ्या जागेची झिलई गेलेली. जांभा आपल्या मातीतला खरा, चौथऱ्याला उत्तम, पण भोकाभोकांच्या त्या दगडात बारीक अक्षर टिकत नाही. राहतो काळा ग्रॅनाइट. त्यातही रंग चोपडून काळा केलेला माल बाजारात येतो. थिनरमध्ये भिजवलेला कापूस मागच्या बाजूला घासा. कापूस काळा झाला तर तो दगड घेऊ नका, मग तो आमच्याकडचा का असेना.

सोनेरी रंग भरायला मी शक्यतो नाही म्हणतो. झिलईच्या काळ्यावर खोल कोरलेलं अक्षर मुळातच राखाडी उठून दिसतं. रंग उडाला की उलट अर्धवट वाचलं जातं. लेझरने उमटवलेला फोटो हौसेने घ्या, पण तो वरवरचा असतो आणि दगड ओला झाला की फिका पडतो.

घाई करणाऱ्यांना मात्र परत पाठवतो. ताजी माती खचते. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, तोवर लाकडी पाटी पुरते. नंतर डोक्याकडे काँक्रीटची पट्टी घालून त्यावर दगड उभा करायचा, आत स्टेनलेस स्टीलच्या पिना. लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं.

अलीकडे निम्मं काम कुत्र्या-मांजरांचं. मुंबईकरांची फार्महाऊसं वाढली, अंगणात जागा आहे. गावातले काहीजण हसतात. हसोत बापडे, रायगडावर वाघ्याची समाधी आहेच की. या कामाला दगड लहान लागतो, वहीएवढा, जमिनीसरसा बसवलेला, म्हणजे गवत कापताना यंत्र अडत नाही. खड्डा मात्र चांगला खोल हवा, नाहीतर कोल्हे, कुत्री उकरतात; आणि विहिरीपासून लांब.

किहीमच्या एका बाई आल्या होत्या. "काका, जन्मतारीख नाही हो तिची, रस्त्यावरून उचलून आणली होती." बरोबर आणलेला मजकूर इंग्रजी कवितेचा, आठ ओळींचा. एवढ्याशा दगडावर आठ ओळी म्हणजे मुंगीएवढी अक्षरं. बसून बोललो. शेवटी कोरलं ते एवढंच: "चिंगी. आली २०११, गेली २०२३." मला विचाराल तर आमच्या दुकानातून बाहेर पडलेला सगळ्यात नेटका दगड तोच.

आता मुलगा धंद्यात आहे. त्याने सँडब्लास्टिंगचं यंत्र घेतलं, रबराची स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या झोताने अक्षर कोरतो. वेलांट्या आणि रफार मी अजून हाताने साफ करतो. क्यूआर कोडची मागणीही येऊ लागलीय. तो कोड दगडात कोरायला आम्ही तयार नाही. वेगळ्या स्टीलच्या पट्टीवर करून दोन स्क्रूंनी बसवून देतो, वेबसाइट बंद पडली तर पट्टी तेवढी काढता येते.