ऊन नव्हतं लागलं

मे महिन्यात नागपुरात कुणी बरळायला लागलं की निदान दारातच ठरलेलं असतं: ऊन लागलं. पारा ४५ च्या घरात, उष्माघाताच्या खाटा भरलेल्या. इतवारीतल्या एका दुकानाचे दिवाणजी आले, तेव्हा केसपेपरवर मीही तेच लिहिलं.

अंग मात्र गार होतं. साखर १४०. पोट टम्म, पाय सुजलेले, डोळे पिवळे. “किती पितात?” मी विचारलं.

बायको भडकली. “थेंबभर नाई घेतली जी कधी. गळ्यात माळ आहे यायच्या.”

नजरेआधी जीभ चालली माझी. डायबिटीस जुना, यकृतात चरबी. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होणं, तिथूनही होतो.

हात पुढे धरून पंजे वर करायला लावले, हवालदार गाडी थांबवतो तसे. दोन सेकंदांत गळाले, सावरले, पुन्हा गळाले. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून हिशेबाची वही काढली. “आठ दिसापासून यायचे आकडे पाहा ना.” मोत्यासारखे आकडे पानागणिक ओळ सोडून घसरत गेले होते. त्याच आठवड्यात दिवसा झोप, रात्री टक्क जागे. कुणीतरी झोपेची गोळी दिलेली, सुजेसाठी लघवीची गोळी दुप्पट केलेली, आणि चार दिवस पोट साफ नाही. यकृताला न निघालेलं विष मेंदूवर चढायला आणखी काय हवं? पण जंतुसंसर्ग शोधायचा राहिला होता.

पोटातलं पाणी काढायचं म्हटल्यावर इंटर्न कचरला. “मॅडम, आयएनआर १.९ आहे.” म्हणजे रक्त उशिरा गोठतंय, पण त्यासाठी थांबायचं नसतं. पाण्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, ६४० निघाले. ताप नाही, पोटात दुखत नाही, तरी २५० च्या वर गेले की जंतू वाढवून बघायच्या कल्चरची वाट न बघता सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सुरू. किडनीचं क्रिएटिनिन वाढून १.८ होतं, म्हणून लघवीची गोळी बंद आणि किडनी वाचवायला शिरेतून अल्ब्युमिन हे प्रथिन: किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक. वजन ६० किलो, म्हणजे पहिल्याच दिवशी ९० ग्रॅम. २० ग्रॅमच्या पाच बाटल्या आणायला मुलगा भर उन्हात धंतोलीला पळाला. लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध दिवसाला दोन-तीनदा शौचाला होईल इतकंच.

“डाळ बंद करू का जी?” बाईंनी विचारलं. नको म्हटलं, उलट रात्री झोपताना काहीतरी खायला द्या.

तिसऱ्या दिवशी दिवाणजींनी वही मागितली. यकृत प्रत्यारोपणाचं बोलणं काढायला मी खाटेशी गेले, तर ते १७ रुपयांचा फरक शोधत बसले होते. मी दोनदा बेरीज केली. मलाही सापडला नाही.