गतीचे नियम : नववीच्या अभ्यासाचा माझा अनुभव

नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयातील पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. वार्षिक परीक्षेसाठी त्याची तयारी करताना माझा सर्वाधिक वेळ गणितांपेक्षा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने घेतला.

व्याख्या लवकर पक्क्या झाल्या. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती पूर्ण फेरी मारून आपण निघालो त्याच जागी परत आलो की कापलेले अंतर पुष्कळ असते, पण विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेतील सरळ अंतर, शून्य, आणि म्हणून त्या फेरीतील सरासरी वेगही शून्य असतो. सरासरी चाल मात्र शून्य नसते. एवढे पटले की चाल आणि वेग यांतील फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.

गतीच्या तीन समीकरणांसाठी मी आलेखाचा आधार घेतला, आणि तो घ्यावाच असे माझे मत आहे. ताशी 36 किलोमीटर वेगाने येणाऱ्या केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर वाहतुकीच्या) बसला चालकाने ब्रेक लावला आणि ती एकसमान मंदनाने, म्हणजे वेग एकसारखा कमी होत, 20 मीटरवर थांबली, असे एक गणित मी स्वतः तयार केले. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. वेग, त्वरण आणि अंतर जोडणाऱ्या तिसऱ्या समीकरणावरून त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, उणे 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग येते आणि वेग, त्वरण आणि काळ जोडणाऱ्या पहिल्यावरून थांबण्यास लागलेला काळ 4 सेकंद. मग वेग-काळ आलेख काढला : उभ्या अक्षावर 10, आडव्या अक्षावर 4 आणि त्यांना जोडणारी उतरती रेषा. त्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ 4 आणि 10 यांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे बरोबर 20 आले (या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर), तेव्हा मला फार आनंद झाला.

तिसरा नियम पाठ होता. अडत होते ते पुढेच. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल परिमाणाने समान व दिशेने विरुद्ध असतात, तर ती एकमेकांना नाहीशी का करत नाहीत, आणि कोणतीही वस्तू हलते तरी कशी? ही बले दोन वेगवेगळ्या वस्तूंवर प्रयुक्त होतात, हे उत्तर मला लिहिता येत होते, पण डोळ्यांसमोर दिसत नव्हते.

माझा चुलतभाऊ आमच्या पेठेतल्या तालमीत सराव करतो. खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या उभ्या झटापटीत, दोन पैलवान एकमेकांना रेटत जागीच थबकतात, त्या वेळी नेमके काय होते, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “जोर दोघंबी लावत्यात गं, पर पाय मातीत रुतल्याबिगर जोराचा उपयोग काय?” त्या उत्तरावरून मी दोन्ही पैलवानांच्या स्वतंत्र आकृत्या काढल्या. पहिल्यावर आडव्या दिशेत दोन बले : समोरच्याचा मागे ढकलणारा रेटा आणि पायांखालच्या मातीचे पुढे ढकलणारे घर्षणबल. ती समान असतील तर बले संतुलित, आणि थांबलेला पैलवान थांबलेलाच राहील. हा पहिला नियम झाला. पहिल्याने दुसऱ्याला दिलेला रेटा मात्र दुसऱ्याच्या आकृतीत जातो, म्हणून पहिल्याच्या बेरजेत तो धरायचाच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एक पैलवान दुसऱ्याला मागे रेटत नेतो तेव्हाही त्यांचे परस्परांवरील रेटे समानच असतात. ज्याला मातीकडून अधिक घर्षणबल मिळते, तो पुढे सरकतो.

यानंतर मी प्रत्येक उदाहरणात आधी एकच वस्तू निवडून फक्त तिच्यावरील बलांचे बाण काढू लागले, आणि परीक्षेतही याच रीतीने उत्तरे लिहिली. आता दहावीचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. झाडावरून पडणारे फळ पृथ्वीला तितक्याच बलाने आपल्याकडे ओढते, पण पृथ्वीचे वस्तुमान अतिप्रचंड असल्यामुळे तिचे त्वरण नगण्य ठरते, हे समजायला मला याच दोन स्वतंत्र आकृत्या पुरल्या.