गळती ओळखणारी डबी घरात बसवावी का?

सिंकखालच्या कपाटाची मागची फळी फुगून तिचे पदर सुटू लागले, तेव्हा ही गळती किमान काही आठवड्यांची असावी, असे प्लंबरने पाहताक्षणी सांगितले. अँगल कॉकला जोडलेल्या लवचीक पाइपातील वॉशर झिजला होता आणि तेथून पाणी थेंबाथेंबाने भिंतीलगत उतरत होते. ते कपाट आम्ही दिवसातून अनेकदा उघडत होतो, तरीही कोणाला शंका आली नाही, कारण पुढच्या बाजूला ठेवलेल्या बाटल्यांखालची जागा कोरडी ठणठणीत होती. त्यानंतर मी गळती ओळखणारी उपकरणे घरात आणली आणि दोन वर्षे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, साधी डबी अवश्य बसवावी. पाणी आपोआप बंद करणारे यंत्र मात्र घर कसे वापरले जाते हे पाहूनच घ्यावे.

साधी डबी तळहातावर मावते. तिच्या तळाशी धातूची दोन टोके असतात आणि साचलेल्या पाण्याने ती दोन्ही भिजली, की त्यांच्यामधून अत्यल्प वीजप्रवाह वाहतो व डबी कर्कश आवाजात वाजू लागते. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, परंतु नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असल्यामुळे ही अडचण येत नाही. याच तत्त्वावर चालणारी लांब तारही मिळते, जी वॉशिंग मशीनभोवती किंवा कपाटाच्या मागच्या कडेने अंथरता येते.

पाणी डबीपर्यंत पोहोचले नाही तर मात्र ती गप्पच राहते, हे मला माझ्याच चुकीमुळे समजले. मी पहिली डबी बरोबर सांध्याखाली ठेवली होती. पुढे तोच सांधा पुन्हा थोडासा पाझरला, पण पाणी पाइपाच्या अंगावरून ओघळत वितभर पलीकडे उतरले आणि तळाच्या किंचित उतारावरून कोपऱ्यात जाऊन साचले. डबी मात्र कोरडीच होती. तेव्हा मी कपाट रिकामे केले, सांध्याजवळ वाटीभर पाणी ओतले आणि ते कोठे जाते हे पाहत बसलो. पाणी जेथे थांबले, तेथे आता डबी आहे. उपकरणासोबत आलेल्या माहितीपत्रकात हा साधा प्रयोग कोठेही सुचवलेला नव्हता, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

काही गळत्या अशा डबीला कळणेच शक्य नसते. फ्लशच्या टाकीतील रबरी झाकण नीट बसत नसेल, तर पाणी दिवसरात्र भांड्यातून थेट सांडपाण्यात जाते आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाकून 15 ते 20 मिनिटे फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर गळती आहे हे निश्चित. भिंतीच्या आतला पाइप पाझरत असेल, तर रंगाचे पोपडे आणि ओल हीच पहिली खूण असते. घरातील सगळे नळ बंद करून तासभराच्या अंतराने पाण्याच्या मीटरची नोंद दोनदा पाहिली, तरी मीटरच्या पुढे कोठेतरी पाणी जात असल्याचे बहुधा कळते, आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

थेंबाच्या आकारानुसार आकडे बदलतात, पण लिटरला साधारण 4,000 थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला सुमारे 22 लिटर पाणी जाते. अशी गळती वेळेच्या जोरावर नुकसान करते आणि ती लवकर पकडायला डबी पुरेशी आहे. याउलट जोडपाइप फुटून मिनिटाला 10 लिटर पाणी वाहू लागले आणि घरात आठ तास कोणी नसेल, तर 4,800 लिटर पाणी जमिनीवर येईल. रिकाम्या घरात वाजणाऱ्या डबीचा तेव्हा काय उपयोग? वाय-फायवर चालणारी डबी मोबाइलवर निरोप पाठवते खरी, पण वीज गेल्यामुळे राउटर बंद असेल तर तो निरोपही येत नाही, आणि आला तरी कॉक फिरवायला कोणीतरी तेथे जावेच लागते.

मुख्य पाइपावर बसणारे, पाण्याचा प्रवाह मोजून झडप आपोआप मिटणारे यंत्र अशा वेळी खऱ्या अर्थाने कामाला येते. घर वारंवार बंद राहत असेल किंवा खालच्या मजल्यावर दुसऱ्या कोणाचे घर असेल, तर त्याचा विचार जरूर करावा. मात्र घरात पाणी दोन वेगळ्या पाइपांनी येत असेल, तर एका झडपेने भागत नाही. शिवाय क्षारयुक्त पाण्यात महिनोन्महिने न हललेली झडप ऐन वेळी अडकू शकते, म्हणून ती अधूनमधून उघडमीट करावी लागते. आमच्या घरात सदैव कोणी ना कोणी असते, त्यामुळे मी ते बसवले नाही. गावाला जाताना आम्ही मुख्य कॉक बंद करतो. तो हाताने फिरत नव्हता, म्हणून उपकरणे आणण्याआधी तोच बदलून घेतला.

डबीला देखभाल लागते, हे तेवढे गृहीत धरावे. फरशी पुसताना ती हमखास वाजते, थंड पाइपावर धरलेल्या दवानेही कधी वाजते, आणि बॅटरी संपत आल्याची बारीक टिकटिक ऐकून वैतागलेल्या घरच्यांनी एकदा बॅटरीच काढून ठेवली होती. आता महिन्यातून एकदा मी प्रत्येक डबी ओल्या फडक्यावर टेकवतो. मागच्या खेपेला वॉशिंग मशीनमागची डबी वाजली नाही. उलटून पाहिले, तर दोन्ही टोकांवर साबणाच्या पाण्याचा पांढरा थर वाळून बसला होता, आणि तो घासून काढताच ती पुन्हा नेहमीसारखी किंचाळली.