तुम्ही विचारलंत म्हणून: स्प्लिट दिसत नाही, मग आहे कशावरून?

‘पक्षी तर हिरवागार दिसतोय, मग स्प्लिट ब्ल्यू कशावरून म्हणता?’ हा प्रश्न मला अमळनेरच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रात्री साडेदहाला फोन करून विचारतात, आणि विचारण्याच्या सुरातच असतं की हा पक्षी विकणारा माणूस न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे घेतो. म्हणून एकदा नीट लिहितो, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आईबापावरून. एवढंच उत्तर आहे. बजरीगरचं (म्हणजे आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात ते) निळं पिल्लू व्हायला आईकडून पण निळ्याचा जीन लागतो आणि बापाकडून पण. एकच मिळाला तर पक्षी हिरवा दिसतो, जीन आत बसून राहतो आणि पुढच्या पिढीला जाऊ शकतो. यालाच स्प्लिट म्हणतात. त्यामुळे बाप निळा असेल तर त्याचं प्रत्येक हिरवं पिल्लू स्प्लिट असतंच, कारण त्या बापाकडे द्यायला दुसरं काही नाहीच. इथे शंकेला जागा नाही. आणि निळा रंग कुठून येतो असं विचारतात, तर तो येत नाही, पिवळा जातो. हिरव्या पक्ष्याच्या पिसाच्या रचनेतच निळं असतं, वरून पिवळं रंगद्रव्य, म्हणून आपल्याला हिरवं दिसतं. ते पिवळं बनवणारा जीन बिघडला की खालचं निळं उघडं पडतं. कोणता जीन ते 2017 मध्ये सापडलं सुद्धा. लुटिनोत, म्हणजे पूर्ण पिवळ्या पक्ष्यात, बरोबर उलटं होतं, काळं रंगद्रव्य जातं आणि पिवळं तेवढं उरतं.

लुटिनोवरून आठवलं, कृपा करून कोणाकडून ‘स्प्लिट लुटिनो मादी’ घेऊ नका. अशी मादी असतच नाही. नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांचं पक्ष्यांमध्ये माणसाच्या उलटं असतं, नराकडे दोन झेड आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू, आणि लुटिनोचा जीन झेडवर बसतो. मादीकडे झेडच एक, त्यावर जीन असला तर ती पिवळी दिसणार, नसला तर नाही, लपायला जागाच नाही. स्प्लिट होतो फक्त नर. म्हणून दोन हिरव्यांच्या मडक्यातून लुटिनो निघालं तर ती मादीच असणार. हे मी दुकानात उभं राहून सांगितलंय आणि वर ऐकून घेतलंय की तुम्ही लोकांचा धंदा मोडता.

आता अवघड भाग, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. दोन्ही आईबाप स्प्लिट असतील तर चार पिल्लांत सरासरी एक निळं, तीन हिरवी. त्या तीन हिरव्यांत दोन स्प्लिट आणि एक कोरं हिरवं, आणि तिघं दिसायला अगदी सारखी. कोणतं कोणतं हे डोळ्याने कळत नाही, पिसावरून नाही, नाकाच्या रंगावरून नाही. अशा पिल्लाला ‘पॉसिबल स्प्लिट’ म्हणतात. तीनात दोन शक्यता.

चोपड्याकडचे एक नाना माझ्याकडून जोडी घेऊन गेले होते. केळीचे बागायतदार, नातवाला निळे पक्षी पाहिजे होते, पण मोठी अंगाने भरलेली हिरवी जोडी बघून तीच आवडली. नराचा बाप निळा, त्यामुळे नर पक्का स्प्लिट. मादी दोन स्प्लिटांची, म्हणजे पॉसिबल. हे मी तोंडी सांगितलं आणि कागदावर पण लिहून दिलं, नर पक्का, मादी पॉसिबल. पहिल्या वेतात सहा पिल्लं, सगळी हिरवी. फोन आला, म्हटलं नाना थांबा, अजून बघू. दुसऱ्या वेतात पाच, तीही हिरवी. आणि मग ते मे महिन्यात भर दुपारी, पारा 44 च्या वर, मोटारसायकलच्या मागे खोक्यात जोडी बांधून तापी ओलांडून माझ्या दारात आले. गल्लीतले लोक ओट्यावर बसलेले होते. खोकं खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “माले फसाडं तुम्ही.”

मी कागदाची आठवण करून दिली. ते म्हणाले कागद राहू द्या, टिश्यूचं रोप लावलं तर हजार झाडं एकसारखी येतात, एकदम निसवतात, तुमचं हे कसलं बियाणं. मी त्यांना सांगायला लागलो की टिश्यूचं रोप म्हणजे त्याच झाडाची नक्कल, इथे प्रत्येक अंड्यात आईबापाचं नव्याने वाटप होतं आणि आधीच्या पाच अंड्यांत काय झालं ते सहाव्याला माहीत नसतं. मेंडेलने वाटाण्यात तीनास एक बघितलं ते 6,022 पिवळे आणि 2,001 हिरवे दाणे मोजल्यावर, सहा पिल्लांत ते मागायचं नसतं. मी हे सगळं बोलत होतो आणि ते खोक्याकडे बघत पण नव्हते. मी बघितलं. मादी चोच उघडी टाकून धापा टाकत होती, पंख अंगापासून लांब धरलेले. आत नेलं, ओल्या पोत्याजवळ सावलीत ठेवलं, चोचीला पाणी लावलं. नर सावरला. मादी दिवे लागायच्या वेळेला गेली. माझ्याच हाताने वाढवलेली होती ती, पहिल्यांदा राळं खायला शिकली तेव्हा माझ्या तळहातावरून खायची. नाना तोपर्यंत पैसे घेऊन निघून गेले होते.

पावसाळ्यानंतर मी त्या नराला निळी मादी लावली. पाच पिल्लं, दोन निळी. एक निळं सुद्धा पुरे होतं, नर स्प्लिट आहे हे सिद्ध झालं. फोटो नानांना पाठवला. त्यांचा उलट मेसेज आला, मग मादी खोटी व्हती.

हा मेसेज माझ्या डोक्यातून जात नाही, कारण हिशोब त्यांच्या बाजूने जातो. दोघंही खरंच स्प्लिट असते तर एक पिल्लू हिरवं निघायची शक्यता तीन चतुर्थांश, अकरा ओळीने हिरवी निघायची शंभरात चारच्या आसपास. सुरुवातीला मादी स्प्लिट असायची शक्यता तीनात दोन होती, अकरा हिरव्या पिल्लांनंतर ती शंभरात आठवर येते. आठ म्हणजे शून्य नाही. पण ती गेली, तिला निळा नर लावून बघायची सोयच राहिली नाही, आणि आता हे कधीच कळणार नाही.

माझा पुण्याचा भाचा लेपर्ड गेको (पालीसारखा ठिपक्यांचा प्राणी) पाळतो, त्यांच्यात स्प्लिटला ‘हेट’ म्हणतात. त्याला एक मिळाला त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं 66 टक्के पॉसिबल हेट अल्बिनो. त्याने विचारलं, मामा, म्हणजे याच्यात 66 टक्के अल्बिनो आहे का? मी म्हटलं नाही रे, हा प्राणी एकतर पूर्ण हेट आहे किंवा अजिबात नाही, ते 66 टक्के त्याच्या अंगात नाहीत, आपल्याला जेवढं माहीत आहे त्याचे आहेत. त्यांचं तर आणखी किचकट. अल्बिनोच्याच ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर अशा तीन वेगळ्या लाइन, म्हणजे जीनच वेगळे, त्यामुळे ट्रेम्परला बेल लावला तर दोन अल्बिनोंना साधी दिसणारी पिल्लं होतात आणि माणूस चक्रावतो. नर की मादी हे तर अंडं कोणत्या तापमानाला उबवलं त्यावर ठरतं. आणि लेमन फ्रॉस्ट म्हणून एक सुंदर रंग निघाला होता, लोकांनी भराभर वाढवला, नंतर त्याच प्राण्यांच्या कातडीत गाठी यायला लागल्या, आणि 2021 च्या अभ्यासात रंग आणि गाठी दोन्ही एकाच जीनच्या जागेशी जोडलेले निघाले. भाच्याला मी म्हटलं, रंग बघून घे, पण त्या रंगासोबत काय येतं ते आधी विचार.

मी सुरुवातीला ज्या मताचा होतो ते मत असं, की खरं सांगितलं, लिहून दिलं, आपलं काम संपलं, समोरच्याने काय ऐकलं ते त्याचं तो बघेल. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. पॉसिबलला पॉसिबलच म्हणायचं, दुसरं काय म्हणणार? पण नातवासाठी निळा पक्षी शोधत आलेल्या माणसाला ‘पॉसिबल’ ऐकू येतच नाही, त्याला ‘ब्ल्यू’ तेवढं ऐकू येतं, हे मला माहीत असताना लिहून देणं पुरेसं आहे का? एक मन म्हणतं पॉसिबल स्प्लिट विकायचेच नाहीत. मग त्या हिरव्या पिल्लांचं करायचं काय? आणि फक्त निळ्याला निळं लावत बसलो, तेही घरातल्या घरात भाऊ-बहीण, तर सगळी निळी येतील खरी, पण काही पिढ्यांनी रिकामी अंडी, अशक्त पिल्लं, हेही होतं. बाहेरचं चांगलं हिरवं रक्त आणलं की मध्ये स्प्लिट येणारच. हे दोन्ही माझं मलाच पटतं आणि दोन्हींचं एकत्र काय करायचं ते ठरत नाही.

तर ज्यांना खात्रीच पाहिजे त्यांनी दोन्ही निळे घ्या, वेगवेगळ्या घरचे घ्या, सगळी पिल्लं निळी होतील, फोन करायची गरज पडणार नाही. ज्यांना स्प्लिट घ्यायचाय त्यांनी माझ्याकडून घ्या नाहीतर आणखी कोणाकडून, पण त्याचे आईबाप दाखवा म्हणा, आणि ते एकाच पिंजऱ्यात एकटी जोडी होते का विचारा, कारण कॉलनीत, म्हणजे एकाच मोठ्या पिंजऱ्यात, वीस पक्षी सोडलेले असतील तर बाप कोण हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि तिथलं स्प्लिट म्हणजे नुसता शब्द. आणि कोणाचा पक्षी परत करायचा असेल तर खुशाल करा, मी पैसे देईन, पण आधी फोन करा, मी स्वतः संध्याकाळी येऊन घेऊन जाईन, दुपारी खोक्यात घालून आणू नका.

नानांना मी पुन्हा बोलावलंय, नातवाला घेऊन या म्हटलंय. अजून आले नाहीत.